टोळधाड आणि चार शेजारी देश: १९६४ चा करार अजून कसा टिकून आहे?

रानवाटा (धागाकर्ती)

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशातून वाळवंटी टोळांचे थवे अमरावती जिल्ह्यात उतरले. मोर्शी-वरुड, मग वर्ध्यातलं आष्टी, नागपूरकडचं काटोल, पुढे भंडारा. पराती वाजवणाऱ्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरले. कोविडच्या धामधुमीत ते लवकरच मागे पडलं. पण हे टोळ आले कुठून, आणि वाटेत त्यांना अडवायचं काम कोण करत होतं, यावर मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. म्हणून हा धागा.

आधी कीटकाबद्दल. वाळवंटी टोळ एरवी एकांडा राहतो, मातकट रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ओली वाळू आणि कोवळी हिरवळ मिळाली की मादी दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घालते. एका पुंजक्यात ८० पासून १५० पर्यंत. पाऊस पुन्हा झाला की पुढची पिढी, आणखी झाला की त्याच्या पुढची. हिरवळ आटायला लागली की सगळे उरलेल्या हिरव्या तुकड्यावर गोळा होतात आणि त्या गर्दीतच त्यांचा रंग आणि वागणं बदलतं. मग एकेकटा फिरणारा कीटक थव्याने उडायला लागतो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ कोटी टोळ असू शकतात. एवढा थवा दिवसाला ३५,००० माणसांइतकं खातो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा हिशेब आहे. वारा पाठीशी असेल तर दिवसाला १०० ते १५० किलोमीटर सहज जातो.

आता भूगोल. फेब्रुवारी ते जून या काळात इराणचा दक्षिण आणि आग्नेय भाग आणि पाकिस्तानातलं बलुचिस्तान इथे हिवाळी-वसंती पावसावर पैदास होते. तिथलं रान वाळलं की हे टोळ पश्चिमेच्या वाऱ्यावर सिंध, थरपारकर, चोलिस्तान आणि आपल्या राजस्थान-गुजरातेत येतात. तिथे मान्सूनच्या पावसावर पुढची पैदास. शरद ऋतूत परत पश्चिमेकडे. अंडी एका देशात फुटतात, थवे दुसऱ्या देशावरून उडतात आणि पीक तिसऱ्याच देशातलं जातं. एकट्या देशाने कितीही फवारलं तरी पुरत नाही ते यामुळे.

१९६४ साली एफएओच्या छत्राखाली झालेल्या करारातून नैर्ऋत्य आशियासाठी वाळवंटी टोळ नियंत्रण आयोग उभा राहिला. सभासद चारच: अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत. टोळांसाठी एफएओचे असे तीन प्रादेशिक आयोग आहेत. पश्चिम आफ्रिकेकडचा एक, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेचा एक, आणि हा आपला. तिन्हींत जुना आपलाच. त्याच्या स्थापनेनंतर वर्षभरात भारत-पाक युद्ध झालं, मग १९७१, मग कारगिल. इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या, गेल्या, तालिबान आले, गेले, पुन्हा आले. आयोग मात्र चालू आहे.

मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मुनाबावची. राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातलं हे सीमेवरचं शेवटचं स्टेशन, पलीकडे सिंधमधलं खोखरापार. १९६५ च्या युद्धात तो रेल्वेमार्ग बंद झाला, २००६ साली थार एक्स्प्रेससाठी पुन्हा उघडला आणि ऑगस्ट २०१९ पासून परत बंद आहे. याच दोन ठिकाणी १९७७ पासून टोळांच्या हंगामात, म्हणजे जून ते नोव्हेंबर, दोन्ही देशांचे टोळ अधिकारी भेटत आलेत. कधी अलीकडे, कधी पलीकडे. आपल्या बाजूने टोळ सूचना संघटना (स्थापना १९३९, मैदानी मुख्यालय जोधपूर), त्यांच्या बाजूने कराचीचं वनस्पती संरक्षण खातं. कुठे पाऊस झाला, कुठे पिल्लं दिसली, कुठे फवारणी झाली, पुढच्या महिन्यात काय अपेक्षित आहे, एवढ्याच गोष्टींवर बोलणं. या बैठकीत काश्मीर येत नाही, क्रिकेट येत नाही.

मग २०२० साली एवढं बिघडलं कसं? मे २०१८ मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या दक्षिणेला धडकली. जिथे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही त्या रुब अल खाली वाळवंटात ओल राहिली आणि टोळांच्या तीन पिढ्या माणसाच्या नजरेआड वाढल्या. तिथून काही थवे येमेनकडे गेले. तिथे युद्ध चालू, फवारणार कोण? पुढे सोमालिया, इथिओपिया, केनिया. काही इराणकडे, तिथून पाकिस्तानात. २०१९ च्या डिसेंबरात गुजरातच्या बनासकांठ्यात मोठं नुकसान झालं. पाकिस्तानने २०२० च्या सुरुवातीला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या वसंतात बलुचिस्तानात पुन्हा पैदास झाली आणि एप्रिल-मेमध्येच थवे राजस्थानात आले. एरवी ते पावसाच्या सुमाराला येतात. या वेळी लवकर आले, वाळवंटात हिरवं काहीच नव्हतं, म्हणून थांबले नाहीत. वाऱ्यावर पुढे जात जात जयपूर, मध्य प्रदेश आणि आपल्या संत्रापट्ट्यापर्यंत पोचले.

माझं म्हणणं सरळ आहे. वरुडची बाग वाचवायची खरी जागा वरुड नव्हेच. ती बलुचिस्तानात आणि इराणच्या किनाऱ्यावर आहे, आणि तिथे आपलं माणूस जाऊ शकत नाही. जाऊ शकते ती फक्त माहिती, आणि ती या करारामुळे येते. दुसरं म्हणजे टोळ नसतात त्या वर्षांतच हा करार जपावा लागतो. टोळ आले की पैसा, हेलिकॉप्टर, ड्रोन सगळं उभं राहतं. पाच-सात वर्षं शांत गेली की पदं रिकामी राहतात, गाड्या जुन्या होतात आणि पाहणी कागदावर उरते. इथे शेती करणारे, निर्यात करणारे, परदेशात राहणारे बरेच जण आहेत. तुमचं काय मत?

---

वरुडचा_संत्रेवाला

ताई, चांगला विषय काढला. मी त्याच पट्ट्यातला. त्या दिवशी सायंकाळी उत्तरेकडून ढग यावा तसं काही आलं आणि वावरातल्या बाभळीवर, संत्र्यावर बसलं. बारीक फांद्या वजनानं खाली आल्या होत्या. टोळ गुलाबी होते. तेव्हा आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी होती आणि ज्यांनी मृग बहार धरायचा ठरवला त्यांच्या बागा ताणावर, म्हंजे पाणी तोडलेल्या. फळाले फारसा हात नाही लावला त्यानं, पण नवी पालवी खरडून नेली. आवाज सांगतो, कोरड्या पानांवर पाऊस पडल्यावानी. रात्रभर ऐकू येत होता.

रात्री ट्रॅक्टरचे ब्लोअर आणि अग्निशमनची गाडी आली. झाडांवर फवारा मारला. सकाळी बुडाशी मेलेल्या टोळांचा थर होता. वाचलेले ऊन चढल्यावर उडून गेले. एकच रात्र थांबले म्हणून निभावलं. चार दिवस थांबले असते तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

मले एकच विचारायचं आहे. पंचनाम्याले माणूस उशिरा आला, तोवर झाडाले नवी पालवी फुटली होती. आता नुकसान दाखवावं कसं? हे करार-बिरार मोठ्या लोकांचे, त्यात शेतकऱ्यासाठी काही आहे का?

---

रानवाटा

दादा, करारात नुकसानभरपाई नाही. तो फक्त पाहणी, माहिती, प्रशिक्षण आणि नियंत्रण यांच्यापुरता आहे. भरपाई आपल्या आपत्ती निवारण निधीच्या निकषांतून मिळते. पूर, गारपीट, दुष्काळ यांच्याबरोबर कीडहल्ला हीसुद्धा त्या यादीतली आपत्ती आहे. अट मात्र ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीची. पालवी खाल्लेल्या फळझाडाचं नुकसान पुढच्या बहारात दिसतं आणि पंचनामा त्या आठवड्यात होतो. ही खरी अडचण आहे. फळबागांसाठी वेगळी मोजणी हवी, हे तुमच्यासारख्यांनी लिहीत राहायला हवं. पुढच्या वेळी, तशी वेळ न येवो, पण तारीख-वेळ दिसेल असे फोटो त्याच सकाळी काढून ठेवा.

---

मस्कतकर

मेकुनूच्या वेळी मी ओमानमध्येच होतो, अजूनही आहे. सलाला शहर पाण्याखाली गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. आत वाळवंटात काय झालं ते कुणीच पाहिलं नाही. नंतर उपग्रहाच्या चित्रांत वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचलेली दिसली. त्या भागात रस्ता नाही, वस्ती नाही, पाहणीच्या गाड्या पोचत नाहीत. एफएओचे टोळ अंदाजतज्ज्ञ कीथ क्रेसमन यांनी तेव्हा सांगितलं होतं की तीन पिढ्यांत संख्या सुमारे ८,००० पट झाली.

यात कराराच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओमान, सौदी, येमेन दुसऱ्या आयोगात, इराण-पाकिस्तान-भारत आपल्या. टोळाला ही सीमा कळत नाही. ओमानचं आखात ओलांडून इराणच्या किनाऱ्यावर यायला त्याला फार वेळ लागत नाही. म्हणून दोन आयोगांमधलं बोलणंही दोन देशांमधल्या बोलण्याइतकंच गरजेचं आहे. सगळी माहिती रोममध्ये एफएओच्या एकाच कक्षाकडे जाते आणि तिथून दर महिन्याला सर्व देशांसाठी एकत्र अंदाज निघतो. ती रचना नसती तर आपल्याला रुब अल खालीचं नावही कळलं नसतं.

---

सह्यकडा

माहिती उत्तम, पण निष्कर्ष पटत नाही. साठ वर्षांचा आयोग, चाळीसहून जास्त वर्षांच्या सीमाबैठका, आणि तरी थवे भंडाऱ्यापर्यंत आले. मग यश कशाला म्हणायचं? बलुचिस्तानात वेळेवर फवारणी झाली नाही हे उघड आहे. शेजाऱ्याला जमत नसेल किंवा करायचं नसेल तर आपण बैठका घेऊन काय साधतो? त्यापेक्षा तोच पैसा राजस्थानात सीमेवर लावा. ड्रोन, विमानं, जास्त माणसं. आणि ज्या देशाशी व्यापार बंद आहे, रेल्वे बंद आहे, त्याला आपल्या सीमाभागाची पाहणी का सांगायची?

---

रानवाटा

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे. तीन गोष्टी सांगते.

पहिली, सांगायची माहिती कसली असते ते बघा. अमुक ठिकाणी वाळू ओली आहे, इतकी पिल्लं आहेत, इतक्या हेक्टरवर औषध मारलं. यात लष्करी काही नाही. उलट पलीकडून येणारी तीच माहिती आपल्याला दोन-तीन आठवड्यांची आगाऊ सूचना देते. तेवढ्यात जैसलमेर-बाडमेरमध्ये गाड्या आणि औषध हलवता येतं.

दुसरी, बलुचिस्तान. तिथे डोंगराळ मुलूख आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, २०२० मध्ये वर कोविड. कमी पडलं हे खरं. पण त्या वर्षी चारही देशांच्या ऑनलाइन बैठका दर आठवड्याला होत होत्या. भारताने पाकिस्तान आणि इराण दोघांनाही मॅलॅथिऑन हे कीटकनाशक देऊ केलं होतं. इराणने ते घेतलं आणि जून २०२० मध्ये आपल्या सरकारी कंपनीचं २५ टन औषध तिकडे गेलं. परराष्ट्र खात्याच्या खर्चाने इराणच्या वाळूत मारलेलं ते औषध राजस्थान-गुजरातच्या शेतासाठीच होतं. मदत हा शब्द त्याला अपुरा पडतो.

तिसरी, फक्त सीमेवर अडवणं. टोळ सूचना संघटनेकडे राजस्थान-गुजरातमधलं सुमारे २ लाख चौरस किलोमीटर वाळवंट आहे. टोळ दिवसा उडतो आणि फवारणी होते तो बसल्यावर, म्हणजे संध्याकाळ ते सकाळ. एका रात्रीत जेवढं क्षेत्र होईल तेवढंच. बाकीचा थवा सकाळी पुढे. पिल्लांना पंख फुटायच्या आत, ती जमिनीवर चालत असताना गाठलं तर कितीतरी कमी औषधात काम होतं. आणि ती पिल्लं बहुतेक वेळा सीमेच्या पलीकडे असतात.

---

थारचा_निवृत्त

नोकरीचा काही काळ जोधपूर-फलोदी भागात टोळ विभागात गेला, म्हणून थोडं लिहितो.

पाहणी म्हणजे काय ते सांगतो. गाडी थांबवायची, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दोन-तीनशे पावलं चालायचं, पायाखालून किती टोळ उडतात ते मोजायचं. मग खाली बसून वाळू उकरायची. ओल किती खोल आहे ते बोटाने बघायचं, कारण वरची वाळू कोरडी दिसली तरी आत ओल असेल तर मादी अंडी घालणार. झुडपं हिरवी की सुकत चाललेली. टोळ दिसला तर रंग: गुलाबी म्हणजे कोवळा, अजून उडत राहणार, पिवळा म्हणजे प्रौढ, अंडी घालायला आलेला. पिवळे थवे दिसले की झोप उडते, कारण आता ते हलणार नाहीत पण दोन आठवड्यांनी त्याच वाळूतून काळी पिल्लं वर येतील. पूर्वी हे सगळं वहीत लिहायचो आणि वायरलेसवर सांगायचो. आता टॅबमध्ये नोंद होते आणि जागेच्या अक्षांश-रेखांशासकट थेट पुढे जाते.

भरपूर वर्षं अशी गेली की दिवसभर चालून दोन-चार एकांडे टोळ दिसायचे. नव्या मुलांना वाटायचं, हे काम बिनकामाचं. पण ‘आज काही नाही’ ही नोंदसुद्धा पलीकडच्याला लागते. त्याच्या ‘काही नाही’ वर आपण आपल्या गाड्या कुठे ठेवायच्या ते ठरवत असतो. रानवाटा यांनी शांत वर्षांबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. १९९३ च्या मोठ्या धाडीनंतर जी माणसं तयार झाली होती ती २०१९ पर्यंत बरीचशी निवृत्त झाली होती. फवारणीचं यंत्र कुणीही शिकतो. वाळू बघून काय होणार हे सांगणारा माणूस तयार व्हायला फार काळ लागतो.

इराण आणि पाकिस्तानचे अधिकारी वसंतात आपापल्या बाजूच्या बलुचिस्तानात (इराणच्या आग्नेय भागालाही बलुचिस्तानच म्हणतात) संयुक्त पाहणी करतात. त्या पाहणीचा अहवाल आम्ही पेपरमधल्या निकालासारखा वाट बघून वाचायचो. पुढचा सगळा हंगाम त्यावर ठरायचा.

---

हापूस_देवगड

वेगळा प्रश्न. २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला होता तोही असल्याच कराराखाली का? आम्हाला तेव्हा फक्त ‘फळमाशी सापडली’ एवढंच कळलं.

---

फायटोवाली

मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते, मी सांगते.

तो टोळांचा करार नाही, पण मूळ एकच. एफएओच्या छत्राखाली १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला, १९५२ पासून लागू. १८० हून जास्त देश त्यात आहेत. आपण ज्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतो त्या प्रमाणपत्राचा नमुना या करारातूनच आला. माल पाठवणाऱ्या देशाने हमी द्यायची की यात अमुक कीड नाही. २०१३ मध्ये आपल्याकडून गेलेल्या फळ-भाज्यांच्या दोनशेच्या वर खेपांत युरोपात किडी सापडल्या. म्हणून १ मे २०१४ पासून आंबा आणि कारलं, पडवळ, वांगं, अळू यांवर बंदी आली. म्हणजे हमीवरचा विश्वास उडाला. मग गरम पाण्याची प्रक्रिया, ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं, सक्तीची झाली, तपासणी मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्येच, म्हणजे फळं निवडून भरायच्या केंद्रातच, व्हायला लागली आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेसाठी वेगळी अट, विकिरण, म्हणजे फळावर किरणांचा मारा. २००७ पासून लासलगावहून तसा आंबा जातो.

पुष्कळ बागायतदार याला आणि फळावर उरलेल्या औषधाच्या अंशांच्या नियमाला एकच समजतात. अंश हा खाणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा विषय. फायटो हा तिथल्या झाडांच्या आरोग्याचा विषय. खेप नाकारली गेली की आधी कोणत्या कारणाने ते विचारा, उपाय पूर्ण वेगळे आहेत.

लाकडी पेट्या-पॅलेटवर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह असलेला शिक्का असतो, तोही याच करारातला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलंय असा त्याचा एक अर्थ. शिक्का नसलेल्या पॅलेटमुळे चांगल्या द्राक्षांचा कंटेनर अडकू शकतो. पॅलेटवाल्याकडे पैसे वाचवू नका.

---

दोडामार्गचा_अनिल

फायटोवाली ताई, आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळच्या लोकांमुळे रबर वाढलंय. रबराबद्दलही असा काही करार आहे असं एका कार्यशाळेत ऐकलं होतं. खरं का?

---

फायटोवाली

खरं आहे, आणि माझ्या मते प्रादेशिक कराराचं ते सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

आशिया व पॅसिफिक प्रदेशासाठीचा वनस्पती संरक्षण करार १९५६ मध्ये लागू झाला. त्याचा आयोग बँकॉकमधल्या एफएओच्या प्रादेशिक कार्यालयातून चालतो, भारत सभासद आहे. या करारात एका पिकाच्या एका रोगासाठी खास कलम घातलं होतं: रबरावरचा दक्षिण अमेरिकी पानकरपा. हा बुरशीचा रोग कोवळी पानं गाळून झाड मारतो. रबर मूळचं ॲमेझॉनचं, रोगही तिथलाच. मोटारवाल्या हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठी प्रचंड रबर लागवड केली. झाडं जवळजवळ लावल्यावर रोगाने ती मारली आणि १९४५ मध्ये कंपनीने सगळं सोडून दिलं.

आशियातलं बहुतेक रबर १८७६ मध्ये ब्राझीलमधून लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात नेलेल्या बियाण्याच्या वंशातलं. म्हणजे आनुवंशिक पाया अरुंद. रोग इथे आला तर थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, केरळ, तुमचं दोडामार्ग, एकामागून एक. म्हणून सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की उष्णकटिबंधीय अमेरिकेतून रबराची रोपं, बियाणं मोकळेपणी येऊ द्यायचं नाही. एका देशाने ढिलाई केली तर सगळ्यांचं जातं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. आजवर तो रोग आशियात स्थिरावलेला नाही. घडलं नाही त्याची बातमी होत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. तुमच्या भागात कुणी ‘परदेशी भारी जातीचं’ रबराचं रोप सामानातून आणतो म्हणाला तर त्याला ठामपणे नाही म्हणा.

---

सह्यकडा

रबराचं उदाहरण पटलं, तिथे दाराशी अडवता येतं. पण लष्करी अळीचं काय? तीही अमेरिकेतली. २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ, त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यात. २०१९ च्या सुरुवातीला चीनमध्येही. करार सगळे होते, तरी दोन-तीन वर्षांत अर्धं जग पार केलं. म्हणून मी म्हणतो, कराराच्या मर्यादाही लिहायला हव्यात.

---

रानवाटा

मर्यादा आहेतच. लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटर जातो आणि त्याला विशिष्ट वाळवंटच लागतं असं नाही, मका दिसला की पुरे. तिथे करार कीड थांबवू शकत नाही. पण आफ्रिकेत ती दिसली तेव्हाच आपल्याकडच्या मका उत्पादकाला फोटोसकट सांगायला हवं होतं. मक्याच्या पोंग्यातली (शेंड्याच्या पानांच्या सुरळीतली) भुशासारखी विष्ठा, अळीच्या डोक्यावरचं उलटं वाय, शेपटीकडचे चार ठिपके. त्या दोन वर्षांत माहिती देशांच्या खात्यांमध्ये फिरली, बांधावर आली नाही. हा माझा राग आहे आणि तो करारावर नाही, करारानंतरच्या शेवटच्या दहा किलोमीटरवर आहे.

टोळाचं वेगळेपण असं की त्याची जन्मस्थानं माहीत आहेत आणि ती थोडीच आहेत. इतकी नेमकी माहिती फार थोड्या किडींबद्दल आहे. तरीही आपण तिचा फायदा न घेणं मला सहन होत नाही.

एक चांगलं उदाहरणही देते. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत सापडला आणि पुढे पुण्यापर्यंतच्या बागा पांढऱ्या झाल्या. औषधाने काही होईना. २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोमधून त्याच्यावर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने आणली, तपासली, सोडली. बहुतेक बागांत प्रश्न आटोक्यात आला. कीड परदेशातून आली तशी तिची शत्रूही परदेशातूनच आणावी लागली, आणि त्यासाठी त्या देशाशी बोलणं चालू असावं लागतं.

---

मृण्मयी

वाचतेय. खूप नवीन कळलं. मॅलॅथिऑनच्या फवारणीने मधमाश्यांचं काय होतं यावर कुणी लिहील का? संत्र्याच्या पट्ट्यात मधपेट्याही असतात.

---

थारचा_निवृत्त

मधमाश्यांना ते घातकच आहे. म्हणूनच फवारणी रात्री-पहाटे, आणि शक्यतो वस्ती-पाण्यापासून दूर, पिल्लांवर वाळवंटात करायची असते. थवा बागेत उतरला की हा पर्याय उरत नाही. पेट्या असतील तर आदल्या संध्याकाळी झाकून हलवाव्या लागतात. टोळांवरच वाढणारी एक बुरशी आहे, तिचं जैविक कीडनाशक २०२० मध्ये सोमालियात मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. ते हळू मारतं, आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पंख फुटलेल्या थव्याला फारसं कामाचं नाही. पिल्लांना उत्तम. पुन्हा मुद्दा तोच येतो, लवकर कळायला हवं.

---

वरुडचा_संत्रेवाला

काका, शेवटचं विचारतो. आमच्यासारख्यानं आधीच बघावं असं काही आहे का? आणि पुन्हा दिसले तर सांगायचं काय?

---

थारचा_निवृत्त

बघायला दोन जागा. एफएओचं टोळांचं मासिक पत्रक, नकाशासकट असतं, इंग्रजीत आहे पण नकाशा कुणालाही कळतो. आणि फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाचं टोळस्थितीचं पाक्षिक पत्रक. एप्रिल-मेमध्ये बलुचिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावर लाल-केशरी खुणा दिसल्या की लक्ष ठेवा. नसतील तर निर्धास्त राहा, विदर्भात दरवर्षी टोळ येत नाहीत.

थवा दिसला तर कृषी सहायकाला या पाच गोष्टी सांगा: गाव आणि शिवार, वेळ, कुठल्या दिशेने आला, रंग गुलाबी की पिवळा, आणि बसलाय की उडतोय. बसला असेल तर किती एकरांवर, कोणत्या झाडांवर. दुपारी उडता थवा पाहून फवारणीची गाडी बोलावू नका, ती पोचेपर्यंत तो दुसऱ्या तालुक्यात असेल. सूर्य मावळताना तो कुठे उतरतो ते गावातल्या पोरांना मोटरसायकलवर पाठवून बघा आणि ती जागा कळवा. पराती वाजवायच्या असतील तर दिवसाच वाजवा. रात्री बसलेल्याला उठवू नका, फवारणी होईपर्यंत तो तिथेच बसलेला हवा.